पीडित, पीडिता, लाभार्थी… आणि 'पीडक' कुठे गेला?

प्रश्न असा आला आहे: "महिलांवरील हिंसा थांबवण्यासाठी काम करणाऱ्या एका संस्थेत मी नुकतीच रुजू झाले. पत्रकं, पोस्टर, देणगीदारांना जाणारे अहवाल, मंजूर रकमेचा हिशेब, सगळं माझ्याकडे आहे. इंग्रजीत 'सर्व्हायव्हर' असतं तिथे मी मराठीत 'पीडिता' लिहिलं, तर आमच्या जुन्या कार्यकर्त्यांनी नाक मुरडलं. 'पीडित' बरोबर की 'पीडिता'? की दुसराच शब्द आहे? 'बेनिफिशरी'ला 'लाभार्थी' आणि 'ग्रँट'ला 'अनुदान' म्हटलेलं चालेल का? आणि माझ्या पदाला मराठीत काय म्हणायचं?"

व्याकरण आधी उरकून टाकू, कारण तो भाग सोपा आहे. मराठीत आकारान्त विशेषण लिंगाप्रमाणे बदलतं: चांगला, चांगली, चांगलं. बाकीची सहसा आहेत तशी राहतात. संतप्त जमाव, संतप्त महिला. जखमी चालक, जखमी प्रवासी बाई. त्यामुळे 'पीडित महिला' हे सरळ मराठी. 'पीडिता' हे संस्कृतातलं स्त्रीलिंगी रूप, मराठीत नाम म्हणून वापरलं जातं. ते हिंदी वृत्तवाहिन्यांकडून आलं म्हणून त्याज्य, असं पुष्कळ जण सांगतील. हिंदीच्या सहवासाने त्याचा सुळसुळाट वाढला हे माझंही निरीक्षण आहे. पण एवढ्यावरून ते अशुद्ध ठरत नाही. मी एका दैनिकात बरीच वर्षं मुद्रितशोधक होते. 'विवाहितेचा छळ', 'विवाहितेने विष घेतले' हे मथळे मी किती वेळा तपासले असतील याची गणती नाही, आणि त्या 'विवाहिते'वर कुणी कधी हरकत घेतली नाही. 'परित्यक्ता' तर सरकारी अर्जांतही आहे.

आता हे तीन शब्द शेजारी ठेवून बघा: विवाहिता, परित्यक्ता, पीडिता. लग्न लावून दिलेली, टाकून दिलेली, छळलेली. तिन्ही कर्मणी. दुसऱ्या कुणीतरी काही केलं आणि ते तिचं नाव झालं. तुमच्या कार्यकर्त्यांनी नाक मुरडलं ते बहुधा त्या शेवटच्या 'आ'मुळे नसावं, याच्यामुळे असावं.

शिवाय 'पीडा'चं मराठीतलं गणगोत पाहा. मूळ संस्कृत धातू पीड्, म्हणजे दाबणं, पिळणं. तिथून दुःख, त्रास. पण मराठीत पीडा म्हणजे ग्रहांची पीडा, साडेसातीची पीडा. बलिप्रतिपदेला, भाऊबीजेला ओवाळताना आपण म्हणतो, 'इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो.' पीडा टळायची असते. नको असलेलं माणूस गेलं की 'गेली एकदाची पीडा' म्हणतात, आणि सासरी सुनेला 'कुठली पीडा आली घरात' म्हणणारेही असतात. तोच छळ सोसलेल्या बाईला आपण कागदावर पुन्हा त्याच शब्दाच्या नात्यातलं नाव देतो.

पर्यायही फारसे निर्मळ नाहीत. 'बळी' घ्या. मराठीत माणूस बळी 'जातो' म्हणजे मरतो, आणि बळी 'पडतो' म्हणजे फसतो. आमिषाला बळी पडली, अफवेला बळी पडली. 'वासनेला बळी पडली' वाचताना ती मोहात पडल्याचा वास येतोच, लिहिणाऱ्याच्या मनात तसं काही नसलं तरी. हा शब्द मी सरळ खोडते. 'बाधित' म्हटलं की भूतबाधा आठवते, आणि २०२० नंतर कोरोना. 'ग्रस्त' मात्र जरा विचार करण्याजोगा. ग्रस् म्हणजे गिळणं. पंचांगात ग्रहण लागलेलाच चंद्र उगवला तर 'ग्रस्तोदित' म्हणतात. तसा अंधारलेलाच शब्द. पण धरणग्रस्त, प्रकल्पग्रस्त या शब्दांनी महाराष्ट्रात काय केलं ते पाहा. लोकांनी त्या नावाने मोर्चे काढले, दाखले मिळवले, जमिनी मागितल्या. 'ग्रस्त' हा गिळला गेलेला राहिला नाही, हक्कदार झाला. समाजकल्याण खात्याच्या कागदात जातीय अत्याचाराच्या प्रकरणी 'अत्याचारग्रस्त' असतं, त्यातही भरपाईचा हक्क गृहीत आहे. म्हणून हक्काबद्दल किंवा भरपाईबद्दल लिहिताना 'अत्याचारग्रस्त' चालवून घ्यावा असं माझं मत. कायदा सांगताना 'पीडित महिला' टाळता येणार नाही, टाळूही नये. न्यायालयात, पोलिसांत तोच शब्द ओळखीचा आहे, आणि अर्जात नवा शब्द घातलात तर कारकून अर्ज परत देईल.

'सर्व्हायव्हर'ला काय? 'वाचलेली' म्हटलं तर बस दरीत कोसळली आणि ही वाचली, असं वाटतं. हिंदीत 'उत्तरजीवी' आहे. मराठीत त्याचा उच्चार केला की समोरचा 'म्हणजे काय?' विचारतो. 'लढवय्यी', 'रणरागिणी' पोस्टरवर छान दिसतात, पण प्रत्येक बाई लढत नसते. कित्येक जणी आजही त्याच घरात स्वयंपाक करताहेत, मुलांची दहावी होईपर्यंत थांबल्या आहेत. त्यांना रणरागिणी म्हणणं ही आणखी एक जबाबदारी त्यांच्या डोक्यावर ठेवणं आहे.

माझं उत्तर असं, की एकच नाम शोधायचा हट्ट सोडा. 'पीडित' हेसुद्धा मुळात संस्कृतातलं धातुसाधित, म्हणजे क्रियापदापासून घडलेलं रूप, 'पिळलेलं' अशा घडणीचं. पण मराठी कानाला त्यात क्रियापद ऐकू येत नाही, पाटी ऐकू येते. आपली स्वतःची धातुसाधितं मात्र अजून जिवंत आहेत. मार खाल्लेली. छळ सोसलेली. घर सोडलेली. तक्रार केलेली. हिंसेला तोंड दिलेली, आणि अजून देत असलेली. 'तोंड देणे' हा वाक्प्रचार मला या कामासाठी फार नेमका वाटतो. संकट समोर आहे आणि बाई त्याच्याकडे बघते आहे, एवढंच तो सांगतो. ती जिंकली का, सुटली का, याबद्दल थापा मारत नाही. 'हिंसेला तोंड दिलेल्या १२ स्त्रियांशी बोललो' हे वाक्य अहवालात घालून पाहा. आकडा उदाहरणादाखल.

धातुसाधित वापरलं की आणखी एक गोष्ट आपोआप होते: कर्ता विचारला जातो. छळ सोसलेली, कुणाचा? मार खाल्लेली, कुणाच्या हातचा? 'पीडिता' हे नाम तो प्रश्न मिटवून टाकतं. आपल्याकडे पीडित आहेत, पीडिता आहेत, 'पीडक' मात्र बातमीत कधी वाचलात? शोषित म्हटलं की शोषक येतो, तसा पीडिताबरोबर पीडक आलेला नाही. त्याच्या जागी 'नराधम' येतो, म्हणजे कुठला तरी राक्षस, आपल्या ओळखीचा नसलेला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. एवढे नराधम कुठून आणायचे? 'तिच्यावर अत्याचार झाला' यातला 'झाला' हा पाऊस झाला, उशीर झाला यांच्यातला. 'नवऱ्याने मारलं' हे तीच घटना, दोन शब्द, आणि काही झाकलेलं नाही. (गुन्हा सिद्ध झालेला नसेल तर 'नवऱ्याने मारल्याची तक्रार तिने केली' असं लिहा. कायदाही सांभाळला जातो, कर्ताही राहतो.)

'अत्याचार' शब्दाचीही एक गंमत. अति अधिक आचार. म्हणजे प्रमाणाबाहेर वागणं. 'अतिप्रसंग'ही त्याच साच्यातला. जणू काही प्रमाणात वागलं असतं तर हरकत नव्हती. वर्तमानपत्रांनी 'बलात्कार' छापायला कचरून 'अत्याचार' हा आडपडदा केला, त्यामुळे आता 'महिलांवरील अत्याचार' वाचून वाचक फक्त लैंगिक गुन्हा समजतो आणि घरातली मारहाण, पैसे अडवणं, कोंडून ठेवणं गळून जातं. म्हणून तुमच्या संस्थेने 'हिंसा' निवडला ते योग्यच. २००५ च्या कायद्यातही 'कौटुंबिक हिंसाचार' आहे, आणि त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे सगळे प्रकार धरले आहेत.

पण 'हिंसा' हा शब्द गावात कसा पोचतो, हेही सांगते. एका वस्तीवर प्रश्नावली भरून घेणाऱ्या मुलींबरोबर गेले होते. मुलीने विचारलं, "घरात हिंसा होते का?" आजी म्हणाल्या, "नाही गं बाई, आम्ही माळकरी. अंडंसुद्धा येत नाही घरात." मुलीने 'नाही'वर खूण केली. मराठीत हिंसा म्हणजे शतकानुशतकं जीवहत्या. अहिंसा म्हणजे मांस न खाणं. त्या आजींचं उत्तर त्यांच्या मराठीत अचूक होतं. पत्रकात 'हिंसा' लिहा, पण खाली बायका जे बोलतात तेही लिहा: हात उचलतो, नांदवत नाही, माहेराहून पैसे आण म्हणतो, घराबाहेर काढलं, संशय घेतो. 'त्रास आहे' हे तर अख्खं वाक्य आहे. सासरहून आलेल्या मुलीने एवढं म्हटलं की आईला पुढचं कळतं.

'लाभार्थी' मात्र काढून टाका. यावर मी चर्चा करायला तयार नाही. ठिबक सिंचनाचा लाभार्थी असतो, घरकुलाचा असतो. दात पडेपर्यंत मार खाऊन समुपदेशनाला आलेल्या बाईला कसला लाभ झाला? आणि तिच्या कहाणीला 'यशोगाथा' म्हणायचं? देणगीदाराच्या तक्त्यात तो रकाना असतो हे मला कळतं. तिथे 'सेवा घेतलेल्या स्त्रिया' लिहा. आकडा तोच राहतो.

'ग्रँट'बद्दल. 'अनुदान' चुकीचं नाही, पण मराठी माणसाला त्यात सरकार दिसतं: अनुदानित शाळा, विनाअनुदानित तुकडी, गॅसचं अनुदान. खासगी न्यासाने किंवा संयुक्त राष्ट्रांच्या निधीने दिलेल्या पैशाला अनुदान म्हटलंत तर गावात समजूत होते की सरकारने दिले, आणि उद्या लोक तहसीलदाराकडे चौकशी करतील. 'देणगी' म्हणजे अटीविना दिलेलं, देवळाच्या पावतीसारखं. अटी, मुदत आणि हिशेब असलेल्या पैशाला मी 'प्रकल्प निधी' म्हणेन. 'निधी' या क्षेत्रात रुळलेलाही आहे: २०१३ च्या अर्थसंकल्पात १००० कोटींचा 'निर्भया निधी' जाहीर झाला तेव्हापासून तो घरोघरी माहीत आहे. थेट बाईच्या हातात जाते ती रक्कम 'अर्थसाहाय्य'. 'सहाय्य' नव्हे, 'साहाय्य'; ही माझी जुनी खोड, माफ करा. महाराष्ट्रात २०१३ मध्येच अशा साहाय्यासाठी आलेल्या योजनेचं नाव 'मनोधैर्य' आहे, आणि नाव ठेवणाऱ्याचं कौतुक वाटतं. पोटसंस्थेला पुढे द्यायच्या रकमेसाठी शब्द शोधत असाल तर परदेशी पैशापुरता तो शोध थांबवा. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवताच येत नाही. वस्तूच नाही तर शब्द कशाला?

नावांचा विषय निघालाच आहे म्हणून थोडं मागे जाते. १८६३ मध्ये पुण्यात फुले दांपत्याने गृह काढलं त्याचं नाव 'बालहत्या प्रतिबंधक गृह'. आसऱ्याला येणाऱ्या बहुतेक विधवा, गरोदर, घाबरलेल्या. पण पाटीवर त्या नाहीत, जे थांबवायचं ते आहे. पंडिता रमाबाई तर तुमच्याच पदावरच्या, असं मी गमतीने म्हणते. अमेरिकेत असताना त्यांनी १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गावोगाव व्याख्यानं दिली, आणि त्याच वर्षी बॉस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी मंडळ उभं राहिलं. त्याने दहा वर्षांसाठी पैशांची हमी घेतली. संवाद आणि निधी, दोन्ही एकटीने. परदेशातून येणाऱ्या पैशाबरोबर अहवाल, अटी आणि संशय कसे येतात, हेही त्यांनी पुढे पुण्यात पुरेपूर भोगलं. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादात रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले. पण १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी संस्था काढली तेव्हा तिचं नाव त्यांनी 'शारदा सदन' ठेवलं. 'विधवा' हा शब्द दारावर नाही. पैसा देणाऱ्यांना पुस्तकात सगळं दुःख सांगितलं, राहणाऱ्या मुलींच्या डोक्यावर मात्र त्याची पाटी लावली नाही. तुमच्या अहवालात आणि पोस्टरमध्ये हाच फरक असायला हवा. हिंसेला तोंड देणाऱ्या स्त्रियांना मदत करणाऱ्या आजच्या सरकारी केंद्राला 'सखी' म्हणतात तेही याच चालीचं.

उलट वरून लादलेलं नाव टिकत नाही. २०२३ मध्ये राज्यात विधवांसाठी 'गंगा भागीरथी' म्हणण्याची सूचना पुढे आली, तर बायकांनीच तिची रेवडी उडवली, 'गं. भा.' पत्रिकांवर छापून-छापून त्याचा विटाळ झालेला त्यांना ठाऊक होता. याउलट 'टाकलेली'ची 'परित्यक्ता' झाली ती १९८० च्या दशकात परिषदा आणि मोर्चे निघाले म्हणून, आणि आता त्याच चळवळी 'एकल महिला' म्हणतात. शब्द बदलला तो बायका जमल्यावर. म्हणून तुमच्या केंद्रावर येणाऱ्यांनाच विचारा. एखादी 'मला पीडितच म्हणा, केस चालू आहे' असंही सांगेल. मग तेच लिहा.

खऱ्या नावाबद्दल मात्र विचारण्यावर थांबू नका. लैंगिक गुन्ह्यात ओळख उघड करायला १९८३ पासून कायद्याने बंदी आहे, आणि गाव, शाळा, नवऱ्याचा धंदा लिहिला तरी ओळख पटते.

राहिलं तुमचं पद. 'संप्रेषण' लिहू नका, ते शिक्षणशास्त्राच्या पुस्तकातून बाहेर आलेलं नाही. 'दळणवळण' लिहिलंत तर लोक एसटीच्या वेळा विचारतील. 'जनसंपर्क'मध्ये फुलांचा गुच्छ घेऊन उभी असलेली व्यक्ती दिसते. 'संवाद व निधी समन्वयक' ठेवा. 'समन्वयिका' करायची गरज नाही. का, ते सुरुवातीला व्याकरणाच्या परिच्छेदात आलंच आहे.