सोलर नंतर, आधी भिंतीतली ओल बघा

तुमचा प्रश्न असा: म्हापशाजवळचं आजोबांचं चिरेबंदी, कौलारू घर. त्यातल्या पुढच्या दोन खोल्यांत कलादालन सुरू करायचंय आणि त्याचा पर्यावरणावरचा भार कमीत कमी ठेवायचाय. त्यासाठी छपरावर सोलर घालावं का? शिवाय प्रत्येक खोलीला दोन टनांचा एसी घ्यायचं ठरतंय असंही लिहिलंय. मी गेली सोळा वर्षं पणजी-मडगावात चित्रं बांधणं, नेणं, टांगणं हेच काम करतोय. माझं मत सरळ सांगतो: सोलर थोडं थांबू दे, एसीची ऑर्डर तर देऊच नका, आधी ओलीचा बंदोबस्त करा. आपल्याकडे दालनाची सगळ्यात जास्त वीज हवेतलं पाणी काढण्यात जाते.

एकदा ऑगस्टमध्ये जलरंगांचं प्रदर्शन लावलं होतं. खोलीच्या मधोमध टांगलेला आर्द्रतामापक 62 टक्के दाखवत होता, त्यामुळे सगळे निर्धास्त. पाचव्या दिवशी पश्चिमेच्या भिंतीवरचं एक चित्र खाली घेतलं, तर मागच्या पुठ्ठ्यावर मुगाएवढे करडे-हिरवे ठिपके. तोच मापक त्या फ्रेमच्या मागे भिंतीला टेकवून ठेवला आणि थोड्या वेळाने पाहिलं: 81. भिंत बाहेरून झडीने भिजलेली, आतून एसीने गार पडलेली, आणि फ्रेमच्या मागे हवा कोंडलेली. आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरू लागते. त्यात वीज वाचावी म्हणून रात्री एसी बंद केला जायचा. कागद रात्री ओलाव्याने फुगायचा, दिवसा आकसायचा. आठवड्यात तो पापडासारखा वाकला. ते चित्र चित्रकाराला परत देताना मला काय वाटलं ते अजून आठवतं.

तेव्हापासून मी फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे जाड तुकडे चिकटवतो, म्हणजे मागून हवा खेळते. आणि कागदावरचं काम पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर टांगतच नाही. याला वीज लागत नाही.

आता आकडे. दालनात बाराही महिने 20-21 अंश आणि 50 टक्के आर्द्रता हवी, हा हट्ट थंड देशांतल्या संग्रहालयांकडून आला. मोठ्या संग्रहालयांच्या बिझो गटानेच 2014 मध्ये तो सैल केला: बहुतेक वस्तूंना 16 ते 25 अंश तापमान आणि 40 ते 60 टक्के आर्द्रता चालते, फक्त 24 तासांत आर्द्रतेचा चढउतार 10 टक्क्यांच्या वर जायला नको. म्हणजे आकडा थोडा वर असला तरी चालेल, पण तो स्थिर हवा. जुनं रंगवलेलं लाकूड, हस्तिदंत अशा नाजूक वस्तूंना हे लागू नाही. त्यांच्यासाठी सिलिका जेल (ओल शोषणारे खडे) घातलेली बंद काचपेटी करा, एका मूर्तीसाठी अख्खी खोली गार करू नका. कुणी चित्रं देताना करारात 20 अंश लिहून पाठवलं तर ही मर्यादा दाखवून बोला. मी बोललोय, बरेच जण ऐकतात. एसी एक अंश वर ठेवला की सुमारे 6 टक्के वीज वाचते असं बीईई, म्हणजे केंद्र सरकारची वीजबचतीची संस्था, सांगते. 20 वरून 25 वर आलात तर किती फरक पडेल, तुम्हीच बघा.

ओल मुळात आत येऊ न देणं हे तर आपल्या जुन्या लोकांना पाठ होतं. पावसाआधी पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांची झापं बांधायचे ते उगाच नाही. चिरा, म्हणजे जांभा दगड, पाणी पितो, आणि चुन्याच्या गिलाव्यातून ते परत सुकतं. त्यावर सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिक पेंट चढवला की पाणी आत अडकतं आणि पोपडे सुटतात. तुमच्याकडे सिमेंट झालं असेल तर निदान त्या दोन खोल्यांचं काढून चुना करा. पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून लांब न्या. छत्र्या, रेनकोट बाहेर बाल्कांवातच (दारापुढच्या पडवीत) ठेवायला लावा. आणि लादी सकाळी ओल्या फडक्याने पुसू नका. मी मापक समोर ठेवून पाहिलंय, पुसल्यावर काटा चांगलाच वर चढतो आणि तासभर खाली येत नाही.

दोन टनांचा एसी का नको? गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटकन गार करून थांबतो, पाणी ओढायला त्याला वेळच मिळत नाही. खोली गार आणि दमट राहते, म्हणजे बुरशीला सगळ्यात सोयीची. लहान एसी आणि वेगळा डीह्युमिडिफायर (हवेतलं पाणी ओढणारं यंत्र) घ्या. आणि एसीतल्या गॅसकडे लक्ष ठेवा. आर-410ए हवेत सुटला तर तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 2088 पट तापवतो. आर-32 या दुसऱ्या गॅसचा आकडा 675 आहे. एक किलो आर-410ए गळणं म्हणजे आपल्या ग्रिडची जवळजवळ 3000 युनिट वीज जाळणं. आपल्या खाऱ्या हवेत कॉइल लवकर गंजते. मेकॅनिक दर वर्षी “गॅस भरून देतो” म्हणत असेल तर आधी गळती शोधायला लावा.

मग सोलर. ते घालाच, पण मागाहून. तुमची वीज सगळ्यात जास्त लागणार जून ते सप्टेंबर, आणि नेमकी तेव्हाच पॅनल कमी देतात. भार आधी कमी केलात तर लहान संच पुरतो. शिवाय कौलांवर माणसं चढली की कौलं फुटतात, मग गळतीने चित्रं भिजतात. पॅनल मागच्या स्लॅबवर किंवा अंगणात लोखंडी मांडवावर बसवा.

मी तुमच्या जागी असतो तर प्रदर्शनांचं वेळापत्रकच पावसाप्रमाणे ठरवलं असतं. पावसाळ्यात मातीकाम आणि दगड, नोव्हेंबर ते मार्च जलरंग, छपाईचित्रं, जुने कागद. मातीच्या कामाला जुलैत पंखा पुरतो.

बाकीचं थोडक्यात. मुंबईची चित्रं विमानाने मागवू नका. दोन-तीन चित्रकारांची कामं एकाच टेम्पोत येतील अशा तारखा धरा. प्लायवूडच्या पेट्या स्क्रूच्या करून घ्या, वर्षानुवर्षं चालतात. बबलरॅप रंगाला लागू देऊ नका, ठसे उठतात. आत बटर पेपर, वर जुन्या सुती चादरी. फ्लेक्सऐवजी कापडावर रंगवून घ्या. दिवे एलईडी, कागदाच्या कामावर 50 लक्स (उजेडाचं माप), तैलचित्रांवर 200. खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं शिल्लक असतील तर कृपा करून काढू नका, त्यांतून येणारा उजेड मऊ असतो.

आज एवढंच करा: दोन आर्द्रतामापक आणा. एक खोलीच्या मधोमध, एक पश्चिमेच्या भिंतीला, पुठ्ठ्याच्या मागे. सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री दहाचे आकडे पंधरा दिवस वहीत लिहा आणि इथे टाका, सोबत खोल्यांची मापंही द्या. एसी किती टनाचा घ्यायचा ते मग सांगतो.