मधुमेहाची गोळी चालू असताना अमेरिकेत पायलट व्हायचंय, मेडिकल आधी की विमान आधी?

तुम्ही लिहिलंय : वय ४८, मेटफॉर्मिन चालू, मुक्काम न्यू जर्सी, ओळखीतला एकजण त्याचं सेसना १५२ स्वस्तात देतोय, तर मेडिकलचा फॉर्म लगेच भरून टाकू का? मी इकडे टेक्सासमध्ये हौस म्हणून उडवतो, डॉक्टर नाही. पण फॉर्म आज भरू नका, एवढं ठामपणे सांगतो.

प्रायव्हेट पायलटला थर्ड क्लास मेडिकल (उडायला तब्येत ठीक असल्याचं सर्टिफिकेट) लागतं, चाळिशीनंतर दर २४ महिन्यांनी. मेटफॉर्मिनवर असलेल्या नवख्याला एएमई (पायलटांची तपासणी करणारा अधिकृत डॉक्टर) जागच्या जागी सर्टिफिकेट देत नाही. फाइल एफएएकडे (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याकडे) जाते, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची चाचणी) आणि तुमच्या डॉक्टरांचा अहवाल मागवतात, मग 'स्पेशल इश्युअन्स', म्हणजे खास परवानगीचं मेडिकल मिळतं. मधुमेहवाल्यांना ते मिळतं, घाबरू नका. पण मागितलेले कागद वेळेत गेले नाहीत तर अर्ज नामंजूर होऊ शकतो आणि मग स्पोर्ट पायलटची (लहान विमानांपुरत्या सोप्या परवान्याची) वाटही अडते. तिथे एरवी मेडिकलऐवजी गाडीचं लायसन्स पुरतं. मात्र मेडिकलचा शेवटचा अर्ज फेटाळलेला असला तर ती सवलत नाही. अर्जच केला नसेल तर प्रश्नच येत नाही. (अर्थात शुगर अचानक खाली जात असेल, तर लायसन्स खिशात असून उपयोग नाही. त्या दिवशी उडायचं की नाही, हे तुमचं तुम्हीच ठरवायचं.)

तेव्हा आधी एएमईकडे नुसत्या सल्ल्याची वेळ घ्या, मेडएक्सप्रेसचा (मेडिकलच्या ऑनलाइन फॉर्मचा) नंबर न देता. रिपोर्ट हातात आल्यावरच अर्ज. बेसिकमेडचा (मेडिकलऐवजी नेहमीच्या डॉक्टरच्या तपासणीवर उडायची सोय) विचार आत्ता नको. त्यासाठी १४ जुलै २००६ नंतर एकदा तरी वैध मेडिकल असावं लागतं, ते तुमच्याकडे नाही.

आता विमान. पूर्वी स्पोर्ट पायलटला १,३२० पौंडांची मर्यादा होती, त्यात १५२ सुद्धा बसत नसे. २२ ऑक्टोबर २०२५ पासून मोझेक नावाच्या एफएएच्या नव्या नियमांनी ती गेली. आता फ्लॅप्स (पंखांमागच्या झडपा) न सोडता स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान पेलत नाहीत तो, ५९ नॉटच्या आत हवा. म्हणजे दोन सीटचं १५२, चार सीटचं सेसना १७२, पायपरचं चेरोकी १४० सगळी चालतात. सीट चार असल्या तरी सोबत माणूस एकच. रात्री उडायचं तर जादा प्रशिक्षण आणि मेडिकल किंवा बेसिकमेड हवंच.

म्हणजे मेडिकलपायी १५२ घ्यायचं कारण उरलं नाही. हिशोब बघा : कमाल वजन १,६७० पौंड, रिकामं विमान साधारण १,१३० धरा. उरले ५४०. टाक्या भरल्या की दीडशे गेले. राहिले ३९०, म्हणजे जेमतेम १७५ किलो. तुम्ही आणि इन्स्ट्रक्टर ८५-८५ किलोंचे निघालात तर सोबत दप्तर घ्यायचीही पंचाईत. बायकोला घेऊन कुठे राहायला जायचं असेल, तर माझं मत सरळ १७२ ला.

तोवर इन्स्ट्रक्टरबरोबर भाड्याच्या दोन्ही विमानांत बसून घ्या, त्याला मेडिकल लागत नाही. आणि तरीही ते १५२ च घ्यावंसं वाटलं, तर ओळखीचा आहे म्हणून प्री-बाय (विकत घेण्याआधीची) तपासणी टाळू नका. त्याचा नेहमीचा मेकॅनिक सोडून दुसरा बघा. वजनाचा कागद त्याच विमानाचा मागा. चाळीसेक वर्षांत रंगाचे थर आणि नवे रेडिओ चढत जातात, त्यामुळे आकडा बहुधा मॅन्युअलपेक्षा जास्तच निघतो.