२०१७ चा गेमिंग लॅपटॉप आहे, रॅम आणि प्रोसेसर दोन्ही बदलून अजून तीन-चार वर्षं काढता येतील का?

रॅम बदला, प्रोसेसरचा विषय सोडून द्या. तुम्ही लिहिलंय प्रोसेसर आय७-७७००एचक्यू, आठ जीबीची एकच रॅम, ग्राफिक्स जीटीएक्स १०५०, राहायला गोव्यात पर्वरीला, आणि दुकानदार म्हणतोय की प्रोसेसर पण वरचा टाकून देतो, आधी अ‍ॅडव्हान्स ठेवा. हे शेवटचं वाचलं आणि ताट बाजूला सारून लिहायला बसलो. अ‍ॅडव्हान्स देऊ नका. दिला असेल तर आजच जाऊन परत मागा.

तुमचा प्रोसेसर बोर्डावर सोल्डर केलेला, म्हणजे डाख देऊन कायमचा चिकटवलेला आहे, सॉकेट म्हणजे काढ-घाल करायची खोबण नाहीच, मग काढणार काय आणि घालणार काय. इंटेलने पाचव्या जनरेशनपासून लॅपटॉपचे सगळे प्रोसेसर असेच केले. चौथ्या जनरेशनपर्यंत दोन्ही प्रकार होते, चौथ्यात नावाच्या शेवटी एमक्यू असेल तर सॉकेटवाला, एचक्यू असेल तर सोल्डरवाला. या एका अक्षरावरून आमच्या घरात २०१९ पासून भांडण आहे.

लॅपटॉप दादाचा. २०१४ ला पहिल्या पगारातून घेतलेला, आय७-४७००एचक्यू, जीटीएक्स ८६०एम, आठ जीबी. दादा बोटीवर गेला आणि मी फर्मागुडीला इंजिनिअरिंगला, तेव्हा तो माझ्याकडे आला. २०१९ च्या पावसात दादा सुट्टीवर घरी, गेम लावला तर सारखा अडकायला लागला. दादाने कुठेतरी वाचलं की चौथ्या जनरेशनचा प्रोसेसर बदलता येतो, आणि एका सेकंडहँड विकणाऱ्याकडून ४९००एमक्यू मागवला, अकरा हजाराला. मी मागवायच्या आधी सांगितलं होतं, दादा आपला एचक्यू आहे, अक्षर बघ. "तू मला शिकवू नको" एवढंच उत्तर. मग मी गप्प. मोठ्या भावापुढे किती बोलणार.

लॅपटॉप आणि प्रोसेसर म्हापशाच्या एका दुकानात दिला, दोन हजार अ‍ॅडव्हान्स. तिथून तीन आठवडे मी मांद्र्याहून चोपडेचा पूल ओलांडून शिवोलीमार्गे बसने म्हापशाला फेऱ्या मारतोय, भर पावसात, आणि तो म्हणतोय उद्या या. शेवटी दिला, वर म्हणतो "टाकला, आता बघा कसा पळतो". घरी येऊन सीपीयू-झेड, म्हणजे आत कुठला प्रोसेसर आहे ते दाखवणारं सॉफ्टवेअर, लावलं तर तोच ४७००एचक्यू. दुसऱ्या दिवशी परत गेलो तेव्हा ड्रॉवरमधून दादाचा प्रोसेसर काढून दिला, ह्यात बसत नाही म्हणाला, आणि दोन हजार लेबरचे म्हणून ठेवून घेतले. बरं एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं, पण आता लॅपटॉप दहा मिनिटात आपोआप बंद पडायला लागला, जे आधी कधी होत नव्हतं.

त्या रात्री ओसरीवर बसून मी खालचं झाकण काढलं. हीटसिंक म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग, त्याचे प्रोसेसरवरचे चार स्क्रू, त्यातले दोनच लावलेले. दोघांच्या मधली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट अर्धी पुसलेली, अर्धी खडूसारखी वाळून तशीच. फॅन आणि जाळीच्या मधे धुळीचा थर, चिमट्याने ओढला तर अखंड पट्टी निघाली, जाड कापडासारखी. म्हणजे गरम हवा बाहेर जायला वाटच नव्हती, गेम अडकत होता तो ह्याच्यामुळे. दादाला हाक मारून दाखवलं. त्याचा ४९००एमक्यू उलटा करून शेजारी ठेवला, त्याच्या बुडाला पिनाच पिना, ९४६ म्हणतात. आणि बोर्डावर एकसुद्धा भोक नाही, चिप सरळ बोर्डाला चिकटलेली. दादाने बघितलं आणि काही न बोलता आत गेला. आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळे काका-आत्या जमले असताना गणपतीवरच्या फळा-पानांच्या माटोळीखाली उभा राहून सांगितलं की धाकट्याने खोलून बिघडवला. तेव्हापासून दर चवथीला हा विषय निघतोच.

बिघडवला नव्हता. जाळी साफ केली, नवीन पेस्ट लावली, चारही स्क्रू कसले, आणि दुसऱ्या स्लॉटात आठ जीबीची डीडीआर३एल रॅम टाकली, १.३५ व्होल्टवाली. आधी गेममध्ये प्रोसेसर ९७-९८ डिग्रीला जात होता, तो ८२ वर आला. जीटीए ५ मधलं अडकणं गेलं. लॅपटॉप २०२३ पर्यंत मी वापरला, आता भाचा अभ्यासाला वापरतोय. दादाचं अजून म्हणणं आहे की रॅमने काही होत नाही, फरक प्रोसेसरने पडतो. साफ चूक. शंभर डिग्रीच्या आसपास गेला की प्रोसेसर स्वतःच स्पीड खाली आणतो, मग तुम्ही कितीही वरचा आणून बसवा, तोही गुदमरणारच.

आता तुमचं. एकच रॅम म्हणजे सिंगल चॅनल, डेटा जायला एकच वाट. डीडीआर४-२४०० ह्या तुमच्या प्रकारच्या एका रॅममधून सेकंदाला १९.२ जीबी जातं, दोन लावल्या की ३८.४, तुमचा प्रोसेसर अर्ध्या रस्त्यावर चालतोय असं समजा. आठची अजून एक घ्या, एसओ-डिम (लॅपटॉपवाली लहान) डीडीआर४, २४०० ची, २६६६ किंवा ३२०० ची मिळाली तरी चालेल, ती २४०० वरच पळेल. हल्ली रॅमचे भाव भडकलेत, चांगली सेकंडहँड मिळाली तर घ्यायला हरकत नाही. बसवायच्या आधी बॅटरीची केबल काढा, हे विसरू नका. रॅम तिरकी आत सारायची आणि मग खाली दाबायची, दोन्ही बाजूच्या क्लिपा टक्क वाजल्या पाहिजेत. पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन मिनिटभर काळी राहू शकते, घाबरून बटण दाबत बसू नका.

आपल्या इथल्या हवेचं पण लक्षात घ्या. आमचं घर समुद्रापासून लांब नाही, जुनी रॅम काढली तर सोनेरी पट्ट्यांवर काळपट डाग होते, साध्या खोडरबराने हलक्या हाताने घासले आणि गेले. खारी दमट हवा कुठेही शिरते, पर्वरी पण त्यातून सुटत नाही. पावसाळ्यात लॅपटॉप बॅगेत महिनाभर बंद ठेवू नका, दोन दिवसाआड चालू करा. आणि दर वर्षी फॅन साफ करून घ्या, दोन वर्षांनी पेस्ट.

दुकान कुठलं ते मी सांगत नाही, पणजी असो की म्हापसा, अट एकच घाला, तुमच्या समोर खोलायचं आणि समोरच लावायचं. अर्ध्या तासाचं काम आहे. "ठेवून जा" म्हणाला की उठा.

हां, रॅम घ्यायच्या आधी टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर जाऊन किती स्लॉट वापरात आहेत ते बघा, काही मॉडेलमध्ये एक रॅम बोर्डावरच सोल्डर असते. हार्डडिस्क फिरणारी असेल तर रॅमच्याही आधी एसएसडी टाका. ग्राफिक्स पण सोल्डरच आहे, १०५० ला नवे जड गेम झेपणार नाहीत, त्याला रॅमचा उपयोग नाही. विंडोज ११ ला तुमचा प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा तीन-चार वर्षं म्हणताय ती जुन्या गेमपुरती निघतील, बँकेची कामं मात्र त्याच्यावर करू नका.

आणि दुकानदार बोर्डच बदलून वरचा प्रोसेसर देतो म्हणाला तरी नको, तेवढ्यात दुसरा जुना लॅपटॉप येतो.

दादा, तू हे वाचशील मला माहीत आहे. तुझा ४९००एमक्यू मी टाकलेला नाही, त्याच डबीत, त्याच फोममध्ये कपाटात ठेवलाय. ह्या चवथीला आलास की काकांच्या समोर काढतो, लॅपटॉपचं झाकण पण उघडतो, आणि तू सगळ्यांना दाखव कुठे बसवायचा होता तो.