सोनामुखीचा चमचा वाढतच चाललाय

प्रश्न : सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. आठ महिन्यांपासून रोज रात्री काष्ठौषधीच्या दुकानातलं सोनामुखीच्या पानांचं चूर्ण घेतात. आधी एक चमचा पुरायचा, आता दोन लागतात. पोटात मुरडा येतो, पण नाही घेतलं तर दोन दिवस होतच नाही. बीपीसाठी लघवी जास्त होण्याची गोळीही चालू आहे. काय करावं?
– एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर : ताई, आधी त्या गोळीचं बघा. जुलाब झाले की पाण्याबरोबर शरीरातलं पोटॅशियम जातं आणि लघवीच्या बऱ्याच गोळ्याही तेच करतात. मग पायात गोळे येतात, गळाल्यासारखं होतं, छातीत धडधडतं. याच आठवड्यात चूर्णाची पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, सोडियम-पोटॅशियम तपासून घ्या. बीपीची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

आता चमच्याचा हिशोब. सोनामुखीच्या पानात रेचक द्रव्य, म्हणजे सेनोसाइड, साधारण अडीच टक्के असतं. मोठ्या माणसाला रात्री १५ ते ३० मिलीग्रॅम पुरतं, म्हणजे जेमतेम एक ग्रॅम पान. चहाचे दोन सपाट चमचे चार ग्रॅमच्या आसपास भरतात, तेव्हा १०० मिलीग्रॅम पोटात जातं. मुरडा त्याचाच. आणि हे औषध सलग एक-दोन आठवड्यांपलीकडे घरच्या घरी घ्यायचंच नाही.

‘नाही घेतलं तर होत नाही’ यात एक गफलत आहे. जुलाबाने आतडं पूर्ण रिकामं झालं की ते भरायला दोन दिवस लागतातच. त्याला बद्धकोष्ठ समजून लोक पुन्हा चमचा घेतात, आणि सवय अशीच लागते.

डॉक्टरांनी हो म्हटलं, तर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. सोबत रात्रीच्या जेवणानंतर चहाचा एक चमचा इसबगोल मोठ्या पेलाभर पाण्यात ढवळून, घट्ट व्हायच्या आत प्यायला द्या. वरून आणखी एक पेला पाणी. कमी पाण्यात दिलं तर तेच घशात किंवा आतड्यात बसतं, म्हणून गिळायला त्रास असलेल्यांना इसबगोल देऊच नका. लगेच आडवं होऊ देऊ नका. इतर गोळ्यांत दोन तासांचं अंतर हवं. गुण यायला दोन-तीन दिवस लागतात, धीर धरा.

कळण्याची भाकरी ज्वारीत सालासकट उडीद दळून केलेली असते, ती चांगली. केळी द्यायची तर पूर्ण पिकलेली. वैशाखात भुसावळकडे पारा ४५ अंशांना टेकतो. तेव्हा पाणी कमी पडलं की शौचाला खडा होणारच. (हृदयाचा, किडनीचा विकार असेल तर पाणी किती, ते डॉक्टरांनाच विचारा.) सकाळच्या चहानंतर पंधरा-वीस मिनिटांनी आतड्याला आपसूक हालचाल असते, ती वेळ चुकवू नका.

लघवी पिवळसर-तांबूस झाली तर घाबरू नका, तो सोनामुखीचाच रंग. पण शौचातून रक्त येत असेल, वजन उतरत असेल, तर तपासणी हवीच. आणि पोट फुगलंय, उलट्या होताहेत, वारा सरत नाही असं झालं, तर सोनामुखी, एरंडेल काहीही न देता लगेच दवाखाना गाठा.