करारात शून्य शुल्क असूनही ऑस्ट्रेलियाच्या ग्राहकाला ५% का भरावे लागले?

प्रश्न: सोलापुरात आमचा टेरी टॉवेल आणि चादरींचा छोटा कारखाना आहे. मेलबर्नच्या ग्राहकाला माल पाठवला. भारत-ऑस्ट्रेलिया करारामुळे शुल्क शून्य झालंय असं ऐकलं होतं, पण त्यांना ५% भरावे लागले. असं का? पुढच्या वेळी काय करावं?

उत्तर:

बहुतेक वेळा कारण एकच असतं: मालासोबत करारानुसारचा उगम दाखला (माल कुठल्या देशात बनला याचं प्रमाणपत्र) गेलेला नसतो, किंवा गेला तरी आयातदाराच्या कस्टम्स एजंटने तो दाखवून सवलत मागितलेली नसते. शून्य शुल्क आपोआप लागत नाही, मागावं लागतं. माल भारतातून आला एवढ्यावर ऑस्ट्रेलियन कस्टम्स सूट देत नाही. तो करारातल्या नियमांप्रमाणे 'भारतीय' आहे हे कागदावर दिसलं पाहिजे.

हा भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार, ज्याला सगळे 'एक्टा' म्हणतात, २ एप्रिल २०२२ रोजी सही होऊन २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. ऑस्ट्रेलियाने पहिल्याच दिवशी ९८ टक्क्यांहून जास्त वस्तूंवरचं शुल्क काढलं. उरलेल्यांवरचं टप्प्याटप्प्याने उतरत १ जानेवारी २०२६ ला शून्य झालं. म्हणजे 'आमची वस्तू यादीत आहे का' ही शंका आता तुमच्या बाजूने उरलेली नाही.

आता दाखल्याचं. अर्ज डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) ऑनलाइन पोर्टलवर होतो. आयात-निर्यात कोड आणि डिजिटल सही लागते. कापडासाठी वस्त्रोद्योग समिती किंवा निर्यात तपासणी परिषदेसारखी अधिकृत संस्था निवडायची. चेंबर ऑफ कॉमर्सकडून मिळणारा साधा, 'बिगर-सवलतीचा' दाखला इथे चालत नाही. नाव जवळपास सारखंच असल्यामुळे नवे निर्यातदार हमखास इथे फसतात. योग्य दाखला १२ महिने वैध असतो आणि प्रत्येक खेपेला नवा काढावा लागतो.

उगमाचा नियम टॉवेलला अवघड नाही. सूत भारतातलं, विणकाम आणि रंगाई इथली, तर प्रश्नच मिटला. रंग, रसायनं किंवा सूत आयात केलेलं असेल तर सर्वसाधारण नियम लागतो: आयात कच्च्या मालाचा सहा आकडी एचएस कोड (कस्टम्ससाठी वस्तूंचा जगभर वापरला जाणारा वर्गीकरण क्रमांक) तयार मालापेक्षा वेगळा हवा, आणि एफओबी किमतीतून (माल जहाजावर चढेपर्यंतची किंमत) आयात मालाची किंमत वजा करून किमान ४५% उरले पाहिजेत. १०० रुपयांच्या टॉवेलमध्ये ५५ रुपयांपर्यंत परदेशी माल चालतो, एवढाच याचा अर्थ. काही वस्तूंना वेगळे नियम आहेत, म्हणून अर्जाआधी करारातल्या परिशिष्टात आपला कोड शोधा. सूत आणि रसायनांच्या खरेदीची बिलं फाइल करून ठेवा. पडताळणी आली की तीच मागतात.

घोळ मात्र एचएस कोडात होतो, आणि तोही टॉवेलपेक्षा चादरीत. सुती टेरी टॉवेल सरळ ६३०२.६० मध्ये जातात. सोलापुरी चादर पांघरायची धरली तर ६३०१, अंथरायची म्हटली तर ६३०२, बेडकव्हर म्हणून विकली तर ६३०४. तुम्ही दाखल्यावर एक लिहिलं आणि तिकडच्या एजंटने दुसरं धरलं, की सवलत अडकते. माल निघण्याआधी एजंटला विचारून सहा आकडे जुळवून घ्या. हा एक ई-मेल बाकी सगळ्या कागदांपेक्षा मोलाचा आहे. इन्व्हॉइस क्रमांक, वजन, आयातदाराचं नाव हेही शब्दशः जुळलं पाहिजे.

माल कोलंबो किंवा सिंगापूरला जहाज बदलून जात असेल तरी हरकत नाही. फक्त तो तिथल्या कस्टम्सच्या ताब्यात राहिला पाहिजे, त्यावर काही प्रक्रिया व्हायला नको. सलग बिल ऑफ लेडिंग (संपूर्ण प्रवासाची जहाज कंपनीची मालपावती) जपून ठेवा.

वाचतात किती? ऑस्ट्रेलिया शुल्क एफओबी किमतीवर लावतो, जहाजभाडं त्यात धरत नाही. १० लाखांच्या मालावर ५० हजार. तिथला १०% जीएसटी मात्र राहतोच, तो कराराने जात नाही. दुसरं म्हणजे १,००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या पार्सलवर मुळात शुल्कच नाही, त्यामुळे नमुन्यांच्या किंवा किरकोळ ऑनलाइन ऑर्डरसाठी दाखल्याचा खटाटोप फुकट. आणि हे ५० हजार वाचतात ते आयातदाराचे. तुम्हाला त्यात वाटा हवा असेल तर भाव ठरवतानाच बोलून घ्या, नंतर कोणी देत नाही.

लाकडी पॅलेट वापरत असाल तर ते आयएसपीएम-१५ या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे तापवलेलं (गाभ्यापर्यंत ५६ अंश, ३० मिनिटं) आणि शिक्का मारलेलं हवं. ऑस्ट्रेलिया किडींबाबत भलताच कडक आहे आणि खापरा भुंगेऱ्यासाठी (साठवलेलं धान्य खाणारी कीड) भारत त्यांच्या जोखमीच्या यादीत आहे. भेट म्हणून खोक्यात जिरे, धने, शेंगदाणे किंवा तूरडाळ कोंबू नका. अख्खा कंटेनर तपासणीला थांबेल, आणि त्याचं भाडं त्या ५% पेक्षा जास्त भरेल.

आधी भरलेल्या पैशांचं: आयातदाराला तिकडे परताव्याचा अर्ज करता येतो, मुदत साधारण चार वर्षांची आहे. पण त्यासाठी त्याच खेपेचा उगम दाखला लागेल. माल गेल्यावर पूर्वलक्षी दाखला काढण्याची सोय आहे, तिला मुदत असते, म्हणून पोर्टलवर आजच अर्ज टाका आणि शिपिंग बिल व इन्व्हॉइस हाताशी ठेवा.