मिठाच्या पाण्यातून वीज सोडल्यावर सोडियम का मिळत नाही, आणि ॲनोडवर (बॅटरीच्या धन टोकाला जोडलेल्या कांडीवर) ऑक्सिजनऐवजी क्लोरीन का येतो?

गोव्यातल्या पेडण्यात अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवतो, तेव्हा हा प्रश्न माझ्या रोजच्या ओळखीचा. वितळलेल्या मिठातून सोडियम निघतो, मग पाण्यातल्या मिठातून का नाही, असं तुम्ही विचारलंय. कारण तिथे पाणीही रिंगणात उतरलेलं असतं.

उत्पादनं पाठ करू नका. कॅथोडपाशी, म्हणजे ऋण टोकाच्या कांडीपाशी, कोण कोण हजर आहे ते आधी लिहून काढा: सोडियम आयन आणि पाणी. सोडियमचं रिडक्शन पोटेन्शियल (इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ) −२.७१ व्होल्ट, उदासीन पाण्याचं सुमारे −०.४१. ज्याचं जास्त, तो इलेक्ट्रॉन घेतो. म्हणून पाण्यातून हायड्रोजन सुटतो आणि अल्कधर्मी हायड्रॉक्साइड मागे राहतो. सोडियम आयन जसाच्या तसा द्रावणातच.

ॲनोडवर मात्र नुसते आकडे बघाल तर फसाल. पाण्यातून ऑक्सिजन निघायला प्रमाण स्थितीत १.२३ व्होल्ट पुरतात, क्लोरीनला १.३६ लागतात. म्हणजे ऑक्सिजन यायला हवा. पण ऑक्सिजनचा एक रेणू घडायला पाण्याकडून चार इलेक्ट्रॉन काढून दोन ऑक्सिजन अणू जोडावे लागतात. ही क्रिया इतकी संथ, की ती चालायला बराच जादा व्होल्टेज द्यावा लागतो. त्यालाच ओव्हरपोटेन्शियल म्हणतात. क्लोराइडचं काम दोन इलेक्ट्रॉनांत आटोपतं, म्हणून दाट द्रावणात क्लोरीन पुढे जातो. मीठ अगदी कमी असेल तर ऑक्सिजनचं प्रमाण वाढतं. परीक्षेतल्या प्रश्नात ‘कॉन्सन्ट्रेटेड’ (दाट) असेल तर तो शब्द म्हणूनच नजरेआड करू नका.

करून बघायचं तर नऊ व्होल्टची बॅटरी आणि दोन पेन्सिलींची शिसं पुरे. मिठाच्या पाण्यात चिमूटभर हळद घाला. कॅथोडभोवती ती लालसर होते, तो हायड्रॉक्साइडचा पुरावा. आमच्या आगरवाड्याच्या मिठागरातलं जाडं मीठ घेतलंत तर तिथेच पांढरट गढूळपणाही दिसेल. मुलांना तो सोडियम वाटतो. खरं तर समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम असतं, त्याचं हायड्रॉक्साइड पाण्यात फारसं विरघळत नाही. क्लोरीन विषारी आहे, तेव्हा हे उघड्यावर करा आणि मिनिटभरातच थांबा.

सोडियम सल्फेटमध्ये दोन्हीकडे पाणीच जिंकतं: हायड्रोजन आणि ऑक्सिजन. कॉपर सल्फेटमध्ये तांब्याचं पोटेन्शियल +०.३४, म्हणून कॅथोडवर तांबं चढतं. पण ॲनोड कशाचा आहे ते आधी विचारा. ग्रॅफाइटचा असेल तर ऑक्सिजन येतो आणि द्रावणाचा निळा रंग हळूहळू फिका होतो. तांब्याचा असेल तर तो स्वतःच विरघळत जातो आणि रंग तसाच टिकतो.