पापाची कबुली, पण कबुलीजबाब नव्हे

बायबलच्या नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात (५:१६) आपली पापे एकमेकांजवळ कबूल करा असे सांगितले आहे. त्याचा अर्थ धर्मगुरूपुढे जाऊन ‘कबुलीजबाब’ द्यावा असा घ्यायचा का, असे एका वाचकाने विचारले आहे. कॅथलिक पापनिवेदनाला ‘कबुलीजबाब’ म्हटलेले दिसले की माझ्या कपाळाला आठी पडते. जबाब संशयिताकडून घेतला जातो. पापनिवेदनाला माणूस आपल्या पायांनी येतो. कोशात आहे म्हणून हा शब्द इथेही चालतो, असे म्हणणाऱ्या जाणकारांनी कोश वाचला असेल, पण कान वापरलेला नाही.

मूळ ग्रीक क्रियापद ‘होमोलोगेओ’. याकोबाने त्याला ‘एक्स’ हा उपसर्ग जोडला आहे. यातला ‘होमोस’ आणि आपला ‘सम’ ही सख्खी भावंडे आहेत, आणि ‘लोगोस’ म्हणजे वचन. दुसरा जे म्हणतो तेच आपण म्हणणे, हा त्याचा गाभा. देव ज्याला पाप म्हणतो त्याला आपणही निमूटपणे पाप म्हणावे. मत्तयाच्या शुभवर्तमानात (१०:३२) येशूला माणसांसमोर पत्करण्याविषयी जे वचन आहे, तिथेही हेच क्रियापद आहे, आणि तिथे पापाचा मागमूसही नाही.

चर्चच्या सुधारणेचा पुरस्कर्ता अनुवादक विल्यम टिंडलने १५२६ च्या इंग्रजी नव्या करारात याकोबाच्या या वचनासाठी रूढ चर्चवाचक शब्द टाळून ‘मान्य करा’ अशा अर्थाचा साधा शब्द घातला, तेव्हा कॅथलिक पक्षाचा इंग्रज विद्वान टॉमस मोर १५२९ मध्ये त्याच्यावर तुटून पडला. शब्द बदलून पापनिवेदनाचा संस्कारच उडवला जातो आहे, ही मोरची तक्रार मला समजते, पण पटत नाही. वर्षातून एकदा तरी धर्मगुरूकडे पापनिवेदन करण्याची सक्ती कॅथलिक चर्चच्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने १२१५ मध्ये केली, आणि याकोबाचे क्रियापद त्याच्या हजारेक वर्षे आधीचे आहे. अर्थात, केवळ शास्त्रावर बोट ठेवणाऱ्या प्रॉटेस्टंटांनीही दोन वचने मागे जावे: तिथे आजाऱ्याने मंडळीच्या ‘प्रेस्बितेरॉस’ना, म्हणजे वडिलांना, बोलवायचे आहे, आणि इंग्रजीतला ‘प्रीस्ट’ याच शब्दाचा वंशज आहे. शिष्यांनी ज्यांच्या पापांची क्षमा केली त्यांना क्षमा झाली, हे योहानाच्या शुभवर्तमानातले वचन (२०:२३) कॅथलिक पक्ष पुढे करतो, तेही उगाच नव्हे.

खरी गंमत मात्र ‘कबूल’मध्ये आहे. अरबीत कबूल म्हणजे स्वीकार. निकाहात एका बाजूने प्रस्ताव येतो आणि दुसरी बाजू ‘कबूल’ म्हणते. त्या हिशेबाने पाप सांगणारा कबूल करत नाही, ऐकणारा करतो! मराठीने हा शब्द सांगणाऱ्याच्या तोंडी घातला, आणि क्षमा करणारा ऐकणारा देव की त्याच्या वतीने धर्मगुरू, हा सगळा वाद नकळत त्या एका क्रियापदात कोंबला, असे माझे लाडके मत आहे.

तेव्हा वचनात ‘कबूल करा’ राहू द्यावे, संस्काराला ‘पापनिवेदन’ म्हणावे, आणि कबुलीजबाब पोलीस ठाण्यातच ठेवावा.